लाल गोळी आणि चहा

"गोळी गरम पडते", "शी काळी होते" म्हणून लोहाच्या लाल गोळ्या कोनाड्यात टाकणाऱ्या आयाबहिणी नांदेड-लातूरच्या वस्त्यांत कितीतरी आहेत. शी काळी होणारच, त्याला घाबरू नका. न पचलेले लोह बाहेर पडते, एवढेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांचे रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त!

खरी गोची चहाची. गोळी चहाबरोबर घेतली की लोह अंगी लागत नाही. चहा आणि गोळीत दोन तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपताना घ्या, पण बंद करू नका.

गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मागून घ्या; तो हक्क आहे. रक्त फारच कमी असेल तर डोस डॉक्टर ठरवतील, मनाने दोन-दोन खाऊ नका.

मुखेड, कंधार, जळकोटकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघताना आशाताईंकडून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मोजून घ्या, कार्डही सोबत ठेवा. फडावरच्या कोपीत मात्र पुडी उंच बांधा. लेकराने मूठभर गोळ्या गिळल्या तर जीवावर बेतते. उलटीची वाट न बघता १०८ ला फोन करा.