दुसरा मंगळवार

बँकेतल्या माणसाला दुसरा आणि चौथा शनिवार पाठ असतो, सुट्टी म्हणून. मला त्याबरोबर दुसरा मंगळवारही पाठ आहे. विंडोजमधल्या सुरक्षेच्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. एका जिल्ह्यापुरत्या सहकारी बँकेचा कॉम्प्युटर विभाग मी सांभाळतो. हेड ऑफिस, बावीस शाखा आणि तीनशेच्या आसपास मशिनं. बुधवारी सकाळी चहा यायच्या आत नवी यादी सर्व्हरवर येऊन पडलेली असते.

हा अपडेट सर्व्हर म्हणजे आमचं कोठार. प्रत्येक मशीन स्वतंत्रपणे इंटरनेटवरून शेकडो एमबी ओढू लागलं, तर शाखेची लाइन तिथेच गुदमरेल. आणि लाइन गेली की शाखेत नुसतं बसून राहायचं. म्हणून माल एकदाच आणायचा आणि आपल्या सवडीने वाटायचा. वाटण्याआधी गटवार मंजुरी द्यायची: आधी दहा-बारा मशिनं, मग हेड ऑफिस, सगळ्यात शेवटी शाखांचे काउंटर.

पहिल्या गटात कोणाला घ्यायचं, हे मला एका पासबुकाने शिकवलं. सुरुवातीला मी आमच्याच खोलीतली मशिनं घेत असे. नवी, स्वच्छ, बिघडली तरी हाताशी. एकदा आठवडाभर सगळं हिरवंगार दिसलं, मी शाखांना मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार असलेल्या गावातून फोन आला. "सर, पासबुक आत जातंय आणि कोरंच बाहेर येतंय." कॅशियर मॅडमच्या आवाजामागे रांगेचा गलका ऐकू येत होता. पेन्शन घ्यायला आलेल्या आजोबांना स्क्रीनवर शिल्लक दाखवून भागत नाही; पासबुकात उमटल्याशिवाय पैसे आले असं ते मानत नाहीत. आमच्या खोलीत सगळे लेझर प्रिंटर. पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स एकाही चाचणीच्या मशीनला जोडलेला नव्हता. चूक अपडेटची थोडी, माझ्या निवडीची फार.

हे आमच्यापुरतंच नव्हतं. नोव्हेंबर २०१७ च्या अपडेटनंतर एप्सनचे काही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ठिकठिकाणी छापेनासे झाले होते. दुरुस्ती यायला महिनाअखेर उजाडली. अशा वेळी खरी पंचाईत ही की, महिन्याचं अपडेट एक मोळी असते. त्यातली नको असलेली एकच काडी उपसता येत नाही. प्रिंटर परत हवा तर अख्खी मोळी काढा, म्हणजे त्या महिन्याची सुरक्षाही गेली. आम्ही फक्त पासबुक काउंटरच्या मशिनांवरून ती काढली आणि दुरुस्ती येईपर्यंत त्या मशिनांवर डोळा ठेवून बसलो.

तेव्हापासून पहिल्या गटात मी मुद्दाम अडचणीची मशिनं भरतो. पासबुक प्रिंटरचं एक, चेक स्कॅनरचं एक, अंगठा घेण्याच्या यंत्राचं एक. नोटिसा टाइप करायचं जुनं मराठी सॉफ्टवेअर ज्याच्यावर आहे, ते तर हमखास.

मग इतका व्याप असेल तर लावायचंच कशाला, असं साहेब विचारतात. त्यांना मी दोन तारखा सांगतो. १४ मार्च २०१७ ला एका भोकावरची दुरुस्ती आली. १२ मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर शिरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. मध्ये ५९ दिवस गेले होते. कुलूप घरात आणून ठेवलं होतं, दाराला घातलं नव्हतं. घाई करणारे साहेब असले तर तिसरी तारीख सांगतो, १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल एकदमच सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली.

म्हणून आमचा मुहूर्त ठरलेला: चौथ्या शनिवारआधीचा शुक्रवार. तोवर दुसऱ्या मंगळवारला किमान दहा दिवस झालेले असतात, आणि बिघडलंच तर निस्तरायला शनिवार-रविवार मिळतो. माल दिवसभर गुपचूप उतरतो. उरतो तो फक्त रीस्टार्ट. आणि सगळं अडतं ते तिथेच. रात्रभर मशीन चालू ठेवा म्हणावं, तर शिपाई मामा शाखा बंद करताना मेन स्विच पाडतात. ते बरोबरच करतात. वायरिंग जुनं आहे. तेव्हा निघताना 'अपडेट करून बंद करा' निवडायचं आणि गोल फिरत राहणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसायचं. क्लार्कची एसटी सहा दहाची. "सर, त्र्याहत्तरवर आलंय, निघू का?" मी म्हणतो, "थांबा हो पाच मिनिटं." दर महिन्याला ही पाच मिनिटं मी उसनी मागतो. सर्व्हरवर मंजुरीचं बटण दाबायला मला एक क्षण पुरतो. ती खरी होते या पाच मिनिटांत.

सोमवारी अहवाल उघडतो. दोन-तीन लाल असतात, ती फोनवर निघतात. मला जास्त भीती लाल नसलेल्यांची. एका शाखेतलं मशीन चाळीस दिवस गप्प होतं. फोन केला. "ते होय सर? खंडेनवमीला पूजा केली, हार घातला, तेव्हापासून कोणी लावलंच नाही. नवीन मशीन आलंय ना."

हार काढू नका असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. चाळीस दिवस बंद असलेलं मशीन म्हणजे चाळीस दिवसांपूर्वीची भोकं, जशीच्या तशी.

"राहू द्या," मी म्हटलं. "चालू करायच्या आधी मात्र मला फोन करा."