न्यायालयाने सोडले, घरमालकाने धरले!

29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडले. नोव्हेंबरात विदर्भ पेटला आणि न्याय मागायला रस्त्यावर उतरलेल्या आमच्या अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. असा आंदोलक असो की भांडणात अडकलेला मजूर, पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात एकदा नाव चढले की ते भाड्याच्या खोलीपर्यंत माणसाचा पाठलाग करते. "केस आहे ना? मग खोली नाही!" निकाल काय लागला, हे कोणी विचारत नाही.

आमचा सवाल साधा आहे. गुन्हा दाखल होणे म्हणजे सिद्ध होणे काय? आणि ज्याने शिक्षा भोगली, त्याला आणखी किती वर्षे बेघर ठेवणार? जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा इंग्रजांचा 1871 चा कायदा 1952 साली रद्द झाला. समाजाच्या मनातला मात्र अजून रद्द झालेला नाही!

13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई व न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बजावले की, केवळ आरोपी वा दोषी म्हणून सरकार कोणाचे घर पाडू शकत नाही. निवारा हा संविधानाच्या कलम 21 मधील हक्क आहे. पण हा निकाल सरकारला बांधतो. खासगी घरमालक मोकळाच राहतो.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने 2021 साली यावर कायदा केला. तेथे घरमालकाने आधी बाकीच्या अटी तपासून घर देऊ करायचे. त्यानंतरच गुन्ह्याची नोंद पाहायची. शिक्षा न झालेली अटक मोजायची नाही. शिक्षा झाली असेल तर गुन्हा कोणता, किती जुना, तेव्हा वय काय, हे तपासूनच निर्णय घ्यायचा. महाराष्ट्रात असा कायदा का नको? भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे.

तोवर बांधवांनो, निर्दोष सुटलात तर निकालाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवा. आणि 'केस'चे नाव पुढे करून अस्पृश्यतेपोटीच घर नाकारले जात असेल, तर साक्षीदार, तारीख, शब्द लिहून ठेवा. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 चे कलम 4 त्यासाठीच आहे. ते वापरले नाही, तर पुस्तकातच राहील!