सुंगटे काळी का पडतात?

तेरेखोल नदी सह्याद्रीतून उतरून बांद्यावरून वाहत येते आणि उत्तरेस तेरेखोलचा किल्ला व दक्षिणेस केरीची वाळू यांच्यामधून समुद्रास मिळते. या बाजूच्या घरांत सुंगटे व कुर्ल्या नित्याच्याच. बाजारातून आणलेली सुंगटे बर्फाविना राहिली की त्यांची डोकी काळवंडतात. ‘नासली’ म्हणून आम्हीही पूर्वी नाक मुरडीत असू. परंतु हा काळेपणा कुजण्याचा नव्हे. (बर्फाविना सुंगटे कुजतातही, तेव्हा वास घेऊनच पारख करावी!) ते सुंगटाचे शस्त्र आहे, धनी मेल्यावरही चालू राहिलेले.

सुंगटांच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते. आपल्या रक्तातल्यासारखी प्रतिद्रव्ये मात्र त्यात मुळीच नसतात. मग बुरशीने गाठले तर? पहिली तटबंदी कवचाची. कात टाकताना ते मऊ पडते, किंवा भांडणात कुर्लीची नांगी मोडते, तेव्हा शत्रूस वाट मिळते. बुरशीच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाचे द्रव्य असते. ते सुंगटाच्या स्वतःच्या अंगात नसल्यामुळे रक्तातील प्रथिने त्यास तत्काळ परके म्हणून ओळखतात. लगेच रक्तपेशींतून एक निद्रिस्त विकर बाहेर पडून जागे होते आणि त्याच्या क्रियेने मेलॅनिन हे काळे द्रव्य तयार होऊ लागते. ते तयार होत असताना निघणारे विषारी पदार्थ बुरशीचे तंतू मारतात; रक्तपेशीही त्यांच्याभोवती वेढा घालतात. फ्युझेरियम बुरशी कल्ल्यांत शिरली की कल्ले काळे दिसतात, ते यामुळेच.

हे युद्ध प्रथम पाहिले एली मेचनिकॉफ यांनी. सुंगटाचाच दूरचा नातलग असलेल्या, पारदर्शक व इवल्या पाणपिसूच्या आतड्यातून यीस्टचे सुईसारखे बीजाणू आरपार घुसताना आणि रक्तपेशी त्यांस गिळताना त्यांना दिसल्या. हे त्यांनी 1884 साली प्रसिद्ध केले. 1908 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. जय नेहमी पेशींचाच होई असे मात्र नाही.

वेळेचे महत्त्व युरोपातील नद्यांत दिसले. 1860 च्या सुमारास इटलीत गोड्या पाण्यातील झिंग्यांवर बुरशीसदृश जीवाची साथ आली आणि पुढे खंडभर पसरली. अमेरिकन झिंगे तोच जीव कवचात बाळगून जगतात, कारण त्याचा तंतू शिरताच ते त्यास काळ्या वेष्टनात कोंडतात. युरोपियन झिंग्यांचे वेष्टन उशिरा व अपुरे पडते, आणि झिंगा मरतो.

मेलेल्या सुंगटात हेच विकर मोकाट सुटते. थंडीत त्याचा वेग मंदावतो, म्हणूनच मासळीवाल्या टोपलीत बर्फ घालतात.