दुखणं एकच, नावं मात्र सतरा!

मे २०१५ मधली गोष्ट. माझ्या चुलत नणंदेचं लग्न आमच्या बार्शीतच होतं. सोलापूर जिल्ह्यातला मे महिना म्हणजे काय, ते इकडच्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको! घरचंच कार्य, त्यामुळे पाहुण्यांची ने-आण, फुलं, भाजीपाला असं करत दोन दिवस मी उन्हातून फिरत होते. संध्याकाळी आरशात बघते तर दोन्ही गाल आणि मधलं नाक लालभडक! लग्नाच्या फोटोतही ते दिसतं. अल्बम बघताना जाऊबाई हसून म्हणाल्या होत्या, ‘‘नवरीपेक्षा जास्त लाली तूच लावलीस की गं!’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘ऊन बाधलंय, कोरफड लाव.’’ लावली. पंधरा दिवसांत लाली ओसरली. पण पुन्हा उन्हात गेले की पुन्हा तेच. पार्लरवाली म्हणाली, ‘‘वहिनी, वांग आहे, फेशियल करून घ्या.’’ मेडिकलमधून कुणीतरी एक ट्यूब आणून दिली. चार दिवसांत चेहरा स्वच्छ! मी ती ट्यूब दोघी-तिघींना सुचवलीसुद्धा. तिच्यात स्टिरॉइड होतं, हे मला वर्षानं कळलं.

पावसाळ्यात केस गळायला लागले. कंगव्यात नव्हे, उशीवर पुंजकेच्या पुंजके. त्याला नाव मिळालं ‘बोअरचं पाणी’. दिवाळीत लाडू वळायला बसले तर बोटंच मिटेनात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात आखडलेले, बरणीचं झाकण उघडायलासुद्धा मुलाला हाक मारायची. त्याचं नाव ‘थंडी’. एका डॉक्टरांनी संधिवाताची रक्ततपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली, म्हणून आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दुखण्याच्या गोळ्या मात्र सुरू राहिल्या.

मग तोंड यायला लागलं. फोड वर टाळूला होते आणि गंमत म्हणजे ते दुखतही नव्हते. त्याचं नाव ‘उष्णता’. गुलकंद झाला, सब्जा झाला. संध्याकाळी अंगात कणकण असायची, तिचं नाव ‘टायफॉइड’. दोनदा सलाईन लावून झालं. मी शाळेत शिकवते. दुपारच्या तासाला खुर्चीचा आधार घेतल्याशिवाय उभं राहवेना. हिमोग्लोबिन तपासलं तर साडेआठ! लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि वर एक वाक्यही मिळालं, ‘‘बायकांचं असतंच हो असं.’’

मैत्रिणींनो, यातलं कुणीही मुद्दाम चुकीचं सांगत नव्हतं. उन्हानं चेहरा लाल होतोच, केस अनेकींचे गळतात, आपल्याकडे निम्म्या बायकांचं रक्त कमी असतं. प्रत्येकानं आपल्यापुढं आलेला एकेक तुकडा पाहिला. सगळे तुकडे कुणासमोर एकत्र ठेवायचं काम माझं होतं, आणि तेच मी केलं नाही. केसांचं पार्लरमध्ये सांगितलं, बोटांचं डॉक्टरांना, तोंडाचं सासूबाईंना आणि थकव्याचं कुणालाच नाही!

कॅलेंडर कामी आलं

जून २०१६ मध्ये शाळा सुरू झाली आणि पावलांना सूज यायला लागली. चपलेच्या पट्ट्याचे वळ रात्रीपर्यंत तसेच. लघवीला साबण टाकल्यासारखा फेस यायचा. मला वाटलं, बाथरूममध्ये फिनाईल नीट धुतलं गेलं नसेल. पंधरा दिवस तसेच काढले. शेवटी गावात नव्यानं दवाखाना टाकलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी आधी बीपी पाहिलं. १५०/१००! मी पायांच्या सुजेबद्दल सांगायला लागले, तर म्हणाल्या, ‘‘पायांचं राहू द्या ताई, वर्षभरात काय काय झालं ते सांगा.’’

आता एवढं आठवणार कसं? पण मला एक सवय आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, बाईनं कधी दांडी मारली, सगळं लिहायची. त्याच चौकोनांत मधूनमधून ‘ताप’, ‘बोटं’, ‘तोंड आलं’ असंही लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी जुनं-नवं दोन्ही कॅलेंडरं पिशवीत घालून नेली. डॉक्टरीणबाईंनी एकेक पान उलटलं आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे सगळं एकाच बाईला झालंय ना? मग दुखणी सात कशाला असतील?’’

लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिनं भरपूर जात असल्याचं दिसलं. तिथून सोलापूर, मग पुण्याला संधिवाततज्ज्ञ. रक्ताच्या खास तपासण्या झाल्या, मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा काढून तपासला, आणि शेवटी त्या सतरा नावांच्या जागी एकच नाव आलं : ल्युपस.

हे ल्युपस म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. या आजारात तीच यंत्रणा भरकटते आणि आपल्याच अवयवांवर हल्ला करते. घरच्याच राखणदारानं घरातल्या माणसांना चोर समजावं, तसं! हल्ला कातडीवर होतो, सांध्यांवर होतो, रक्तपेशी, मूत्रपिंड, फुप्फुसाचं आवरण, हृदय, मेंदू कशावरही होऊ शकतो. म्हणूनच तो ओळखायला अवघड, कारण दोन बाईंचा ल्युपस सारखा नसतो.

दहा रुग्णांपैकी साधारण नऊ बायका असतात आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. म्हणजे शिक्षण, लग्न, बाळंतपणं, नोकरी या सगळ्या धावपळीच्या वर्षांत. त्या वयात थकवा आला तर त्याचं कुणाला काय वाटणार?

हा आजार लागट नाही, कर्करोग नाही, कुष्ठरोगही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण निदान झाल्यावर एका नातेवाईकांकडे माझा चहाचा कप वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे.

आणखी एक गोष्ट. २०१३ मध्ये चौथ्या महिन्यात माझा गर्भ गेला होता. ‘जड उचललं असेल’, ‘गाडीवरून फिरत होती’ असं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी ते आवर्जून विचारलं. ल्युपसच्या काही बायकांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी प्रतिद्रव्यं असतात, त्यांच्यामुळे कधी कधी गर्भ टिकत नाही. माझ्या रक्तात ती निघाली. ‘‘तुमच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं,’’ असं डॉक्टर सासूबाईंसमोरच म्हणाले. परतीच्या एसटीत सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्या मांडीवरची पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.

या खुणा ओळखा

• चेहरा : दोन्ही गाल आणि नाकावर पसरलेली लाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. नाकाच्या कडेनं ओठांकडे जाणारी घडी बहुधा त्यातून सुटलेली असते. वांग तपकिरी असतो, ही लाली तांबूस असते. ती सगळ्यांनाच येते असं नाही.

• ऊन : थोडंसं ऊन लागलं तरी पुरळ उठणं किंवा नंतर ताप, अंगदुखी, गळून जाणं.

• तोंड : टाळूला किंवा नाकात वारंवार येणारे, पुष्कळदा न दुखणारे फोड.

• केस : पुंजक्यांनी गळणं, कपाळाजवळचे केस तुटके, विरळ होणं.

• सांधे : दोन्ही हातांची बोटं, मनगटं, गुडघे दुखणं आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहणं.

• ताप आणि थकवा : कारण न सापडणारी कणकण आणि झोपूनही न जाणारा थकवा.

• छाती : खोल श्वास घेतला की टोचल्यासारखी कळ.

• बोटांचे रंग : गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होणं.

• लघवी आणि सूज : फेसाळ लघवी, पावलांवर आणि सकाळी डोळ्यांखाली सूज, तरुण वयात वाढलेलं बीपी. ही खूण दिसली तर एक दिवसही थांबू नका.

• रक्त : लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असणं.

• गर्भपात : पुन्हा पुन्हा होणं किंवा तिसऱ्या महिन्यानंतर कारणाशिवाय होणं.

ही यादी वाचून लगेच घाबरू नका बरं! यातलं एकेक लक्षण आपल्यापैकी प्रत्येकीला कधी ना कधी असतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंना असाच थकवा, केसगळती आणि सांधेदुखी होती. माझं ऐकून त्या घाबरतच डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीत निघाला थायरॉइड! गोळी सुरू झाली आणि त्या हसायला-खेळायला लागल्या. म्हणजे जाऊन बघण्यात तोटा नाहीच. पण यातली तीन-चार लक्षणं एकत्र असतील, किंवा वर्षभरात एकापाठोपाठ एक येत-जात असतील, तर ती जोडून बघायलाच हवीत.

डॉक्टरांकडे जाताना

सुरुवातीच्या तपासण्या आपल्या तालुक्याच्या गावीही होतात. बीपी, रक्तपेशींची मोजणी, ईएसआर आणि लघवीची तपासणी. लघवीची तपासणी सगळ्यात स्वस्त, आणि आपण नेमकी तीच टाळतो. ल्युपस मूत्रपिंडाला धरतो तेव्हा बहुधा काही दुखत नाही, प्रथिनं गुपचूप वाहून जात असतात.

संशय आला तर डॉक्टर एएनए नावाची रक्ततपासणी सांगतात. ल्युपसच्या जवळपास सगळ्या रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते, पण कित्येक निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. म्हणून स्वतःच लॅबमध्ये जाऊन ती करू नका आणि नुसत्या त्या कागदावरून रडूही नका. लक्षणं आणि पुढच्या तपासण्या मिळूनच निदान होतं. संधिवाततज्ज्ञ जवळ नसतील तर चांगल्या फिजिशियनकडे किंवा जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. आणि माझ्यासारखं ‘संधिवात निगेटिव्ह आला’ म्हणून निवांत बसू नका. ती तपासणी वेगळ्या आजाराची असते.

दोन गोष्टी अजिबात करू नका. चेहऱ्याच्या लालीवर विचारल्याशिवाय ट्यूब चोळू नका आणि सांधेदुखीसाठी कुणाच्या सांगण्यावरून बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, खुणा झाकल्या जातात आणि आजार आत वाढत राहतो. उलट डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मोजून-मापून असतं. ते भीतीनं एकदम बंद करणं धोक्याचं.

आता कशी आहे मी?

ल्युपस मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. पहिलं वर्ष अवघड गेलं. स्टिरॉइडनं चेहरा गोल झाला, वजन वाढलं, लोक ‘तब्येत सुधारली’ म्हणायचे! मूत्रपिंडासाठी तेज औषधं घ्यावी लागली. हळूहळू स्टिरॉइड कमी होत गेलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी मात्र रोजची, आणि तिच्यासाठी डोळ्यांची नियमित तपासणी. पूर्वी ही गोळी मलेरियासाठी देत, आज ती ल्युपसच्या उपचारांचा पाया आहे. ताब्यात असलेल्या आजारात डॉक्टरांच्या सल्ल्यानं, वेळ निवडून बाळंतपणही होऊ शकतं. त्यामुळे लग्नाच्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी धीर सोडू नये.

मी शाळेत जाते, शिकवते. छत्री बाराही महिने सोबत, हात झाकणारे ब्लाउज, उन्हाचं क्रीम. दर तीन महिन्यांनी लघवी आणि रक्त तपासते. मूत्रपिंडाचं थोडं नुकसान झालं ते झालंच, ते भरून येणार नाही. दिवाळीत बोटं आखडली तेव्हाच कुणाला सगळं सलग सांगितलं असतं तर? हा प्रश्न मला अजून रात्री पडतो. तुम्हाला पडू नये, म्हणून एवढं लिहिलं.

दूधवाल्याचा एक खाडा आपण विसरत नाही. आज तो लिहायला पेन हातात घ्याल, तेव्हा त्याच चौकोनात स्वतःचंही दोन शब्दांत लिहून ठेवा. आणि घरातली लेक, सून, जाऊ ‘थकल्यासारखं वाटतंय’ असं तिसऱ्यांदा म्हणाली, तर तिला सरबत करून द्याच, पण शेजारी बसून एवढंही विचारा, ‘‘अजून काय काय होतंय गं?’’