सेंड काय सांगतं, काय सांगत नाही

युनिक्सवाल्यांना एक जुनी खोड आहे: दिसेल त्या वस्तूला फाइल म्हणायचं. टर्मिनल फाइल, प्रिंटर फाइल, डिस्क तर फाइलच. ऑगस्ट १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली आणि या यादीत दूर कुठल्या तरी गावातलं दुसरं यंत्रही जाऊन बसलं. सॉकेट हे फंक्शन बोलावलं की एक छोटा पूर्णांक हाती येतो, फाइल उघडल्यावर येतो तसाच. त्यावर रीड करा, राइट करा, शेवटी क्लोज.

वेळही जुळून आली होती. त्याच वर्षी १ जानेवारीला अर्पानेट या जाळ्याने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपी स्वीकारला होता. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पाचा, टीसीपीचा आरंभीचा कोड बीबीएन कंपनीतला, आणि बर्कलीत त्यावर हात फिरवणाऱ्यांत बिल जॉय आणि सॅम लेफ्लर. सॉकेटची ही घडण एवढी पक्की निघाली की विंडोजनेही नव्वदच्या दशकात विनसॉक या नावाने जवळपास तीच उचलली. पण सॉकेटचं यश आणि सॉकेटवर होणाऱ्या बहुतेक चुका या दोन्हींचं मूळ त्या फाइलच्या सोंगातच आहे, असं मला वाटतं.

सॉकेटवर डेटा पाठवणाऱ्या सेंड फंक्शनला चार गोष्टी द्याव्या लागतात: सॉकेट, डेटाचा पत्ता, त्याची लांबी आणि काही फ्लॅग. उत्तरादाखल ते एक आकडा देतं. नवशिका हा आकडा बघतच नाही. बघितलाच तर उणे एक नाही ना, एवढंच तपासतो. १०,००० बाइट द्यावेत आणि उत्तर ४,३८० यावं, हे पूर्णपणे नियमात बसतं, नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर तर नेहमीचंच. उरलेले बाइट पुन्हा पाठवणं हे आपलं काम; म्हणून लूप लिहायचा, पॉइंटर पुढे सरकवायचा, मध्येच सिग्नल येऊन काम तुटलं तर पुन्हा सेंड करायचं. हा लूप दहाएक ओळींचा आहे आणि तो न लिहिलेले प्रोग्राम आपल्याच यंत्रावरच्या चाचणीत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात.

आकडा पूर्ण आला तरी त्याचा अर्थ काय? एवढाच की आपले बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने स्वतःच्या बफरमध्ये उतरवून घेतले. ते अजून यंत्राबाहेरही पडले नसतील. दोन यंत्रांमधली वायर कुणी उपसली तरी बफर भरेपर्यंत सेंड आनंदाने होकार देत राहतं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत टीसीपी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून हार मानतं, तोवर साधारण १५ मिनिटं उलटतात. समोरच्या प्रोग्रामने सॉकेट बंद केलं असेल तर प्रकार आणखी गमतीचा: पहिलं सेंड यशस्वी होतं, पलीकडून नकाराचं पॅकेट येतं, आणि दुसऱ्या सेंडला सिगपाइप सिग्नल येऊन आपला प्रोग्राम निमूट मरतो. तसं होऊ नये म्हणून लिनक्सवर नोसिग्नलचा फ्लॅग द्यावा लागतो. कितीतरी सर्व्हर याच कारणाने रात्री गुपचूप बसले असतील.

दुसरा गोंधळ सीमांचा. टीसीपी बाइटांचा प्रवाह देतं, निरोप देत नाही. पाटात वरून तीन घागरी ओतल्या तर खालच्या वाफ्याला पाणी मिळतं, घागरी मिळत नाहीत. तीनदा केलेलं सेंड पलीकडे एकाच रिसीव्हमध्ये येऊ शकतं, किंवा पाच तुकड्यांत. म्हणून निरोप कुठे संपतो ते आपणच ठरवायचं: ओळीच्या शेवटी खूण ठेवायची, नाहीतर आधी लांबी पाठवायची. लांबीची पद्धत मला अधिक स्वच्छ वाटते, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं ते एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड या त्रुटीने दाखवलं. ओपनएसएसएलच्या सी भाषेतल्या कोडने समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानली आणि एका मागणीला ६४ किलोबाइटपर्यंतची परकी मेमरी परत धाडली. यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक निरोप वेगळा राहतो खरा, पण तो पोचेलच याची हमी नाही.

लांबी पाठवतानाही एक खड्डा आहे. बर्कलीच्या व्हॅक्स यंत्रात संख्येचा लहान बाइट आधी ठेवला जाई, जाळ्याचा रिवाज मोठा बाइट आधी पाठवण्याचा. सरळ उचलून चार बाइटांचा १ पाठवला तर पलीकडचं उलट्या क्रमाचं यंत्र तो १,६७,७७,२१६ असा वाचतं. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या भांडणावर टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून लढणाऱ्यांची नावं दिली. उपाय सोपा आहे, पाठवण्याआधी एचटूएनएल हे क्रम जुळवणारं फंक्शन लावायचं. अख्खा स्ट्रक्ट तसाच्या तसा सेंडमध्ये ढकलायचा मोह मात्र आवरावा. कंपायलर मध्ये रिकामे बाइट भरतो, आणि ते प्रत्येक यंत्रावर सारखे नसतात.

छोटे छोटे सेंड करणाऱ्यांची वेगळीच फजिती. फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४मध्ये दाखवलं की एकेक अक्षर पाठवलं तर एका बाइटामागे ४० बाइटांचं हेडर जातं. त्यांचा तोडगा असा: आधीच्या डेटाची पोच येईपर्यंत छोटे तुकडे साठवून ठेवायचे. पण पोच जरा थांबून द्यायची, ही काटकसर दुसऱ्या टोकाला वेगळ्याच लोकांनी शोधली होती. दोन्ही एकत्र आल्या की पाठवणारा पोचेसाठी खोळंबतो आणि घेणारा आणखी डेटासाठी. जुन्या बीएसडीत ही कोंडी २०० मिलिसेकंदांपर्यंत चाले. लोक लगेच नेगलचा तोडगा बंद करणारा नोडिलेचा पर्याय लावून मोकळे होतात. हेडर आणि मजकूर एकत्र जुळवून एकाच सेंडने पाठवला तर बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या एमआयटीच्या तिघांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच मांडलं होतं की खात्री दोन टोकांच्या प्रोग्रामांनीच करून घ्यावी, मधल्या थरांवर सोडू नये. पैसे हलवणाऱ्या प्रोग्रामला ‘नोंद झाली’ असं उत्तर समोरच्या प्रोग्रामकडूनच यावं लागतं. टीसीपीची पोच फार तर समोरच्या कर्नलची असते.

लिनक्सने आता आयओ-युरिंग या आपल्या इंटरफेसमध्ये बफरची नक्कल न करता पाठवायची सोय दिली आहे. २०२२च्या ६.० आवृत्तीपासून अशा एका सेंडला साधारणतः दोन उत्तरं येतात: किती बाइट स्वीकारले हे पहिलं, आणि तुमची मेमरी आता पुन्हा वापरायला मोकळी आहे हे दुसरं. समोरच्या प्रोग्रामने वाचलं का, हे दोन्हींत नसतं.