वाचकाविना लेखन

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्याच्या कडेने वाढत गेलेले सावेडी हे उपनगर मुख्यतः मध्यमवर्गीयांच्या वसाहतींचे. परीक्षा जवळ आल्या की महाराष्ट्रातील अशा कोणत्याही वसाहतीप्रमाणे येथील घरांतूनही निबंधांचे पाठांतर ऐकू येऊ लागते. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, वृक्षारोपणाची बातमी, अस्वच्छतेविषयीचे तक्रारपत्र असे सारे काही बाजारातल्या मार्गदर्शकात तयार असते आणि तेच उत्तरपत्रिकेत उतरते. विद्यार्थी लेखनाचे अर्धा डझन प्रकार हाताळतो. परंतु त्याने स्वतः काही लिहिले काय, असे विचारल्यास होकारार्थी उत्तर देणे कठीण जाते.

याचा दोष अभ्यासक्रमावर टाकता येणार नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’ने पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन अशी विविधता विद्यार्थ्यांपुढे ठेवली. 80 गुणांच्या लेखी परीक्षेतील 24 गुण या उपयोजित लेखनासाठी राखले गेले. जुन्या पद्धतीच्या मानाने हे पाऊल निःसंशय पुढचे होते. मात्र प्रकारांची संख्या वाढली म्हणून लेखन वाढतेच असे नाही. पूर्वी मोजके साचे पाठ करावे लागत, आता आठ करावे लागतात, एवढाच फरक पडला तर त्यातून साधले काय?

लेखनप्रकार म्हणजे मायना, विषय, समास आणि सही यांची मांडणी नव्हे. कोणाला सांगायचे आहे, कशासाठी सांगायचे आहे आणि ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून प्रकार जन्माला येतो. अर्ज थोडक्यात लिहायचा, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वेळ नसतो आणि त्याच्याकडून निश्चित कृती हवी असते. बातमीत मुख्य गोष्ट आरंभी येते, कारण वाचक मध्येच पान उलटण्याचा संभव असतो. कथेत तीच गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवता येते, कारण तेथे वाचक थांबण्यास राजी असतो. हे ‘कारण’ न शिकवता केवळ आकृती शिकवणे म्हणजे पोहण्याचे धडे फळ्यावर देण्यासारखे आहे.

याचे उत्तम उदाहरण नगरकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झाले. भिंती त्याच, दिवस तेच आणि एकांतही तोच. तेथे 1944 साली पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. देशाला त्याच्या भूतकाळाची ओळख करून द्यायची, तर त्यांना इतिहासाचा विस्तीर्ण पट हवा होता. मौलाना आझादांना मात्र जिवलग मित्राशी बोलायचे होते. पत्रे बाहेर जाण्याची सोय नव्हती, तरीही त्यांनी पत्रेच लिहिली. चहा, चिमण्या अशा साध्या विषयांनाही त्यांत जागा मिळाली आणि 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. एकाच कैदेतून दोन भिन्न प्रकार निघाले, कारण दोघांच्या मनातला वाचक भिन्न होता.

परंतु हे तर थोरांचे, मुलांना ते कसे जमावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तरही नगरशी जोडलेले आहे. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली नगरमध्ये सुरू झाले. याच ‘ज्ञानोदया’त 1855 साली, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. वेदांचा अधिकार ज्यांना नाकारला गेला त्यांचा धर्म कोणता, असा सवाल त्या शाळकरी मुलीने केला. तिच्याजवळ सांगण्यासारखे होते आणि ज्यांना सांगायचे तेही तिला ठाऊक होते. निबंधाचा साचा पाठ करून ते धैर्य आले नसते.

शिक्षकाने करावयाचे ते यातून सहज सुचते. सावेडीच्या एखाद्या वर्गाला पाण्याचा विषय द्यावा. मुळा धरणातून शहराला पाणी येते. ते घरच्या नळापर्यंत कसे पोहोचते, केव्हा येते, कोण भरून ठेवते, याची माहिती मुलांनी स्वतः गोळा करावी. मग त्याच माहितीवरून एकाने महापालिकेला अर्ज लिहावा, दुसऱ्याने बातमी, तिसरीने आजीची मुलाखत, चौथीने कथा. नंतर ही चारही लेखने वर्गात शेजारी ठेवून वाचावीत. अर्जात कोणता तपशील गळला आणि कथेत तोच का महत्त्वाचा ठरला, ही चर्चा दहा मार्गदर्शकांहून अधिक शिकवून जाईल. अर्ज खरोखरच पाठवला आणि बातमी शाळेच्या भित्तिपत्रकात लागली, तर लेखनाला खरा वाचकही लाभेल.

साठ-साठ मुलांचे वर्ग, वह्यांचे ढीग आणि वर नाना अशैक्षणिक कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे सांगणे सोपे आहे, करणे अवघड. ही अडचण खरी आहे. परंतु मार्गदर्शकातून उतरलेल्या साठ सारख्या पत्रांवर लाल रेघा ओढण्यातही त्याचा वेळ जातोच. त्याऐवजी महिन्याकाठी एकच लेखन घ्यावे, मुलांनी ते आधी एकमेकांचे वाचावे आणि सुधारून पुन्हा लिहावे, एवढे तरी शक्य आहे. परीक्षकांनीही बिनचूक मायन्याबरोबर स्वतः पाहिलेल्या तपशिलाला गुण दिले पाहिजेत. अन्यथा शिक्षकाचे सारे श्रम व्यर्थ जातील.

प्रश्न 24 गुणांपुरता नाही. आजचा विद्यार्थी उद्या रेशनकार्डासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा अन्यायाविरुद्ध दाद मागण्यासाठी कागद पुढे ओढील. त्या वेळी मार्गदर्शक हाताशी नसेल. आपले म्हणणे कोणापुढे, कोणत्या रूपात मांडावे हे ज्याला कळत नाही, त्याला दुसऱ्याच्या लेखणीवर आणि पर्यायाने दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. त्या परावलंबनातून मुलांना सोडवणे, हे मराठीच्या तासाचे खरे काम आहे.