लंपन, एडी आणि वसईची मुलं

घर, गाव आणि गोष्ट : लेखांक ५

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न वसई-विरारमध्ये विचारला की उत्तरं फार वेगवेगळी येतात. नंदाखाल, गास, निर्मळ, भुईगाव इथल्या घरातला माणूस क्षणभर गोंधळतो, कारण त्याचं मूळ इथंच असतं. बावखल (गावतळं), केळीची वाडी, पानवेली आणि चर्चची घंटा यांच्यापलीकडे त्याला दुसरं गाव नसतं. नालासोपाऱ्याच्या चार मजली इमारतीत हाच प्रश्न विचारला, तर आधी लालबाग किंवा परळचं नाव येतं, आणि थोडं थांबून सावंतवाडी, साताऱ्याचं. १९८२च्या गिरणी संपानंतर अशी कितीतरी कुटुंबं पश्चिम रेल्वेच्या या टोकाला येऊन स्थिरावली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना ‘आपलं कोण’ हे रोज नव्यानं ठरवावं लागतं.

कुटुंब आणि ओळख यांवरच्या कथात्म साहित्याबद्दल बोलताना आपण वयाचा विचार फारसा करत नाही. ‘ओळखीचा शोध’ म्हटलं की डोळ्यांपुढे तरुण नायक येतो. पण आठ वर्षांच्या मुलालाही हा प्रश्न पडतो, चाळिशीतल्या माणसाला पडतो आणि ऐंशीच्या आजीलाही. प्रत्येकाचा प्रश्न मात्र निराळा असतो, आणि तो फरक चांगल्या लेखकांनी फार बारकाईनं टिपला आहे.

लहानपणापासून सुरुवात करू. मराठीत या वयाचं सगळ्यात खरं चित्र मला प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांत दिसतं. ‘वनवास’ १९९४ साली आलं, पाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं, बेळगावच्या वळणाचं. घरात मराठी, रस्त्यावर कानडी हेल. याचं कोडं मोठ्यांना पडेल, लंपनला ते पडतच नाही. त्याच्या दृष्टीनं जग असंच असतं. त्याला छळतं ते वेगळंच : आपल्याला इथं का ठेवलंय, आई आत्ता काय करत असेल, आणि आजी रागावली तरी आपल्याला ठेवून घेईल ना? मित्र, गाण्याचा क्लास, मैत्रीण सुमी यांच्यातून तो हळूहळू त्या गावाचा होतो. कुणी त्याला ‘तू इथलाच’ असं सांगत नाही. सांगण्याची गरजच उरत नाही.

लेखकाच्या नावातही अशीच एक कहाणी आहे. कागदोपत्री ते भालचंद्र गोपाळ दीक्षित, कराडला भूशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कवयित्री इंदिरा संत त्यांच्या आई. ते आजोळी दत्तक गेले, आडनाव बदललं. पण लिहायला बसल्यावर त्यांनी जन्मदात्या वडिलांचं, ना. मा. संतांचं, नाव आणि आडनाव घेतलं. दोन्ही घरांवरचा हक्क त्यांनी असा राखला. २००३ साली अपघातात ते गेले आणि लंपनचं वय तिथंच थांबलं.

वसईच्या मुलाला लंपन परका वाटत नाही, वाटू नये. सामवेदींची कादोडी बोली बोलणाऱ्या घरात वाढलेलं मूल शाळेत प्रमाण मराठी बोलतं आणि आता बहुतेक वेळा इंग्रजी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलात इथल्या बऱ्याच सामवेदी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; बाकीची हिंदूच राहिली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, राज्य बदललं. पण दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरात बोली तीच राहिली. शेजारच्या अंगणातली आजी वेगळ्या देवाला हात जोडते, पण नातवाला दटावते त्याच शब्दांत. लहान मुलाला यात काहीच विसंगत दिसत नाही. विसंगती त्याला पुढे शिकवली जाते.

ती कशी शिकवली जाते, ते किरण नगरकरांच्या ‘रावण अँड एडी’त पाहावं. १९७४ मध्ये ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत लिहिणाऱ्या नगरकरांची ही इंग्रजी कादंबरी १९९५ साली आली. माझगावच्या चाळीत हिंदू कुटुंबं आणि वरच्या मजल्यावर कॅथलिक. गोष्टीची सुरुवातच भयंकर आहे : तान्हा राम पवार गॅलरीतून खाली पडतो, त्याला झेलताना खाली उभा असलेला व्हिक्टर कुटिन्हो मरतो. व्हिक्टरचा मुलगा एडी तेव्हा अजून जन्मायचा असतो. वाचलेल्या रामचं नाव त्याची आई रावण ठेवते, नजर लागू नये म्हणून. दोन मुलं एका जिन्यानं वर-खाली करत वाढतात आणि एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत.

यातला मला सर्वांत हलवून गेलेला भाग एडीचा आहे. हा कॅथलिक मुलगा मैदानावरच्या हिंदू शाखेत जायला लागतो. कारण साधं आहे : तिथं महाभारताच्या गोष्टी सांगतात, आणि त्या त्याला विलक्षण आवडतात. गोष्ट आवडली म्हणून तो गेला. तो कुठल्या बाजूला गेला, हे ठरवलं मोठ्यांनी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपली ओळख पहिल्यांदा कळते ती अशी, कुणीतरी मनाई केल्यावर. नगरकर हे धर्मावर व्याख्यान न देता दाखवतात. (कादंबरी प्रौढांसाठी आहे, मुलांच्या हातात देताना विचार करावा.)

कुमारवयाबद्दल मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात सांगतो. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी घरापेक्षा मित्रांचा जास्त असतो. त्या वयात कुटुंब बदलतं. चार पोरं हेच घर होतं. विरारच्या फलाटावर दप्तरं पाठीला लावून उभ्या असलेल्या टोळक्यांकडे पाहिलं की ते पटतं.

मधलं वय सर्वांत अवघड, कारण तिथं जिव्हाळ्याबरोबर सातबारा येतो. कादंबरी नसली तरी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ इथं घ्यावंच लागेल. १९८५च्या सुमाराचं हे नाटक विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचं. वडील तात्याजी गेले आहेत, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह आला आहे, थोरला भास्कर वाडा धरून बसला आहे, आणि नादुरुस्त ट्रॅक्टर दारात उभा आहे. तेराव्याला गाव जेवायला घालायचं, तर पैसा कुठून आणायचा? घराण्याची प्रतिष्ठा सगळ्यांना हवी आहे. ती सांभाळायला कुणाकडेच काही नाही. वसईत वाड्या विकल्या गेल्या तेव्हा अनेक घरांतून हेच संवाद झाले. एक भाऊ शेती करणारा, एक बँकेत, एक आखातात. विहीर कुणाची, झाडं कुणाची, विकासकाला सही द्यायची का? १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरले. झाडं आणि पाणी वाचवण्याइतकाच तो आपण कोण आहोत हे वाचवण्याचाही प्रयत्न होता, असं माझं ठाम मत आहे.

दिब्रिटोंचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायचं आहे. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, आणि इथल्या कित्येकांनी लिहायला सुरुवात केली ती त्या पानांवर. २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका धर्मगुरूला हे पद का, असा विरोधाचा सूर निघाला. ज्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मराठीत प्रार्थना करत आलं, त्याला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी आपलं मराठीपण सिद्ध करावं लागलं. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली लिहिलं; मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान तिला दिला जातो, आणि ती एका ख्रिस्ती मराठी माणसानं लिहिलेली आहे. हे ठाऊक असतं तर तो प्रश्न निघालाच नसता. दिब्रिटो २०२४च्या जुलैत गेले.

म्हातारपणाकडे वळलो की प्रश्न उलटा होतो. ‘मी कुणाचा?’ हे तोपर्यंत ठरलेलं असतं. ‘मला ओळखणारं कोण उरलंय?’ हे विचारावं लागतं. सुकेळी करायला केळी उन्हात घालणारी, लाल लुगड्यातली आगाशीकडची आजी आणि एकेकाळी गिरणीचा भोंगा ऐकून उठणारे नालासोपाऱ्याचे आजोबा आता एकाच महानगरपालिकेत राहतात. दोघांचीही नातवंडं एकाच शाळेत असतील. दोघांची गोष्ट एकाच कादंबरीत यावी, असं मला मनापासून वाटतं. ती लिहिणारा किंवा लिहिणारी बहुधा आज त्याच शाळेत आहे.

तोवर पालकांना एक विनंती. या आठवड्यात ‘वनवास’ मिळवा आणि त्यातली एक कथा घरात मोठ्यानं वाचा, आजी-आजोबांना शेजारी बसवून. वाचून झाल्यावर त्यांना त्यांच्या आठव्या वर्षाबद्दल विचारा, आणि ते ज्या बोलीत सांगतील त्याच बोलीत लिहून ठेवा. पुढच्या भागात जेरी पिंटोंची ‘एम अँड द बिग हूम’, म्हणजे शांता गोखल्यांच्या मराठीतलं ‘एम आणि हूमराव’ : माहीमच्या छोट्या घरातलं गोवेकर कुटुंब आणि आईचं आजारपण.